मानाचं मशीन

माझ्या कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातलेली बघून मी ऑफिसच्या दारातच थबकले. मॉनिटरच्या कपाळावर हळदीकुंकवाची बोटं, कीबोर्डवर शेवंतीची फुलं, माउससमोर नारळ आणि विडा. शेजारी स्टूल टाकून शिंत्रे सर पेपर वाचत बसले होते.

"सर, हे काय?"

"खंडेनवमी." सरांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही.

"ते दिसतंय. पण माळ माझ्याच मशीनला का?"

"मानाचं मशीन एकच असतं. बाकीच्यांना नुसतं बोट लावलंय, त्यांच्यावर खुशाल काम करा. हे मात्र उद्या सोनं वाटेपर्यंत चालू करायचं नाही. आमच्या वडिलांचा लेथचा कारखाना होता, तिथे हीच पद्धत. मुख्य लेथला एकदा माळ पडली की दसऱ्यापर्यंत मालकसुद्धा हात लावायचा नाही."

मला हसावं की डोकं धरावं तेच कळेना. कारण हे बोलणारा माणूस कोण, तर ज्यांनी आमचं ऑफिस पितृपक्षातल्या अमावस्येला उघडलं होतं, त्या दिवशी गाळ्याचं भाडं कमी करून मिळालं म्हणून! पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाल्यावर सरांनी सांगलीत मार्केट यार्डाजवळ, पत्र्याच्या डब्यांच्या दुकानावर, ही छोटी कंपनी काढली होती. कंपनी म्हणजे सर, मी आणि समीर मुजावर. हळदीच्या व्यापाऱ्यांना आणि कोल्ड स्टोरेजवाल्यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करत होतो. गेल्या खंडेनवमीला सरांनी आम्हा दोघांना दिवसभर राबवून घेतलं होतं आणि वर म्हणाले होते, "यंत्राला कसली सुट्टी?"

"सर, आरवाडेशेठचा फोन आलाय," मी म्हणाले. "उद्या सकाळी दसऱ्याच्या मुहूर्तावर त्यांचं नवं स्टोरेज सुरू व्हायचंय. पावतीवर बारदान, रिकाम्या पोत्याचं वजन, दोनदा वजा होतंय. म्हणजे शेतकऱ्याच्या हळदीचं वजन कमी दिसतंय. पहिल्याच पावतीला भांडण लागेल."

"मग दुरुस्त कर की."

"दुरुस्ती एका ओळीची आहे. पण बिल्ड?"

आता हे बिल्ड प्रकरण सांगायला हवं. आम्ही लिहितो तो प्रोग्रॅम म्हणजे कच्चा शिधा. तो शिजवून गिऱ्हाइकाच्या पानात वाढायचा पदार्थ तयार करणं म्हणजे बिल्ड. आणि आमचा स्वयंपाक जगात एकाच चुलीवर व्हायचा, ती म्हणजे माझं मशीन. ते आधी गुळवणी म्हणून एकांचं होतं. गुळवणी कॅनडाला गेले, मशीन माझ्या गळ्यात पडलं. त्यात त्यांनी काय काय सेटिंग करून ठेवलं होतं ते कोणालाच माहीत नव्हतं. चाललंय ना, मग कशाला उकरायचं, असा आमचा तिघांचाही बाणा.

या बाण्यापायी माझा संसार अडला होता. मे महिन्यात माझं लग्न झालं. नवरा, निखिल, भूजकडे पवनचक्क्यांच्या कंपनीत. मी तिकडे जायचं आणि तिथून काम करून पाठवायचं, असं ठरलं होतं. सरांची ना नव्हती. पण बिल्ड करायला मी इथेच हवी. पहिलं तिकीट काढलं तेव्हा एका व्यापाऱ्याचं काम निघालं, रद्द केलं. दुसऱ्यांदा तर सरांनी मला बसस्टँडवरून परत बोलावलं. आता तिसरं तिकीट होतं, उद्या दुपारचं, मिरजेहून गांधीधामच्या गाडीचं. निखिल फोनवर चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला होता, "वृंदा, या वेळी रद्द केलंस तर पुढचं तिकीट मी काढणार नाही. तुला यायचं असेल तेव्हा तूच काढ."

ते तिकीट पर्समध्ये घालूनच मी आज ऑफिसला आले होते.

"सर, पाच मिनिटं," मी शेवटचं घोडं दामटलं. "माळ बाजूला काढते, बिल्ड करते, परत घालते. देवाला कळणारही नाही."

"देवाचं सोड. माझ्या वडिलांना कळेल." सरांनी स्टूल आणखी पुढे ओढलं आणि मशीनच्या बटणाला पाठ लावून बसले.

तेवढ्यात आईचा फोन. ती घरी माझी बॅग भरत होती. मी तिला मशीनचं रडगाणं ऐकवलं, वाटलं ती तरी माझी बाजू घेईल.

"पूजलेल्याला हात लावायचा नाही हं, वृंदे!" ती कडाडली. "नवमीला तुझे बाबासुद्धा कंडक्टरची पेटी पुजायचे आणि ड्युटी असली तर दुसऱ्याची घेऊन जायचे. ते ऱ्हाऊ दे, तू बॅगेत मिसळणाचा डबा नेणार आहेस की नाही?"

"आई, तिकडे काय तिखट-मीठ मिळत नाही?"

"मिळेल गं. पण पोचल्या पोचल्या पहिली भाजी टाकशील तेव्हा कुठे हुडकत बसशील? आपला डबा आपल्यासंगं असावा. कुठंही जा, झाकण उघडलं की फोडणी."

मी "बरं बरं" करून फोन ठेवला. समीर खुर्ची फिरवून माझ्याकडे बघत होता. ओठातल्या ओठात हसत होता.

"दुसऱ्याची पेटी घेऊन जायचे म्हणे बाबा," तो म्हणाला. "ये, माझ्या पेटीवर बस."

सर्व्हरवरून सगळा प्रोग्रॅम समीरच्या मशीनवर उतरवला. बारदानाची ओळ दुरुस्त केली. बिल्डचं बटण दाबलं. तांबड्या अक्षरांत चुकांची रांग लागली आणि समीरनं वरची पहिली चूक मोठ्यानं वाचली.

"ई ड्राइव्ह, गुळवणी, भाचीचं लग्न, लायब्ररी... सापडत नाही." त्यानं डोळे चोळले. "आयला, हे काय?"

तर त्याचं असं होतं. प्रोग्रॅमला लागणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी करून ठेवलेला तयार मसाला, गुळवणींनी कधीकाळी घाईत आपल्या भाचीच्या लग्नाच्या फोटोंच्या फोल्डरमध्ये टाकली होती आणि बिल्डला सांगून ठेवलं होतं, तिथून उचल. मी आल्यावर ते फोल्डर पाहिलं होतं, पण फोटो पुसले तर काहीतरी मोडेल या भीतीनं हात लावला नव्हता. त्या भाचीला मी चांगली ओळखत होते. हिरवा शालू, नाकात नथ, आणि एका फोटोत मांडवामागे उभी राहून जिलबी खाताना पकडलेली. सांगली जिल्ह्यातल्या अर्ध्या हळदीचा हिशोब त्या पोरीच्या लग्नावर उभा होता.

"म्हणजे लग्न झाल्याशिवाय बिल्ड होत नाही," समीर म्हणाला. "मी बिनलग्नाचा, माझ्या मशीनवर कसं होणार?"

"गप रे! सर, लायब्ररीची मूळ सीडी आहे का?"

"कपाटात बघ. वरच्या कप्प्यात." सर पेपरचं पान उलटत म्हणाले. आज त्यांना सगळं कसं पटापट आठवत होतं.

सीडी मिळाली. समीरनं उत्साहानं आपल्या मशीनवर ई ड्राइव्हमध्ये 'गुळवणी' नावाचं फोल्डर केलं, त्यात 'भाचीचं लग्न' केलं, आणि आत लायब्ररी ओतली. चुकांची रांग निम्मी झाली.

"आता त्या भाचीचा एक फोटोही टाकू का, शकुनाला?"

मला हसू आलं, पण लगेच पुढचं दिसायला लागलं. आज समीरच्या मशीनवर भाचीचं लग्न लावलं. उद्या त्याचं मशीन बिघडलं तर? कोणी नवीन आला तर? परत फोन मलाच. परत बसस्टँडवरून माघारी. हा जुगाड चालला असता तरी मी सुटले नसतेच.

"पूस ते," मी म्हणाले.

"काय? आत्ता तर जमायला लागलं!"

"पूस म्हणते ना. आपला डबा आपल्यासंगं असावा."

"कसला डबा?"

"मिसळणाचा!" मी त्याला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले. "हे बघ. आपला प्रोग्रॅम काय म्हणतोय? गुळवण्यांच्या घरी जा, ई खोलीत जा, भाचीच्या लग्नाच्या फडताळात तिखट आहे. दुसऱ्या कोणाच्या घरी ते फडताळ असणार आहे का? लायब्ररी प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये ठेवायची. आणि पत्ता सांगायचा तो ई ड्राइव्हपासून नाही, आपण उभे आहोत तिथून. शेजारच्या डब्यात बघ, एवढंच. मग पोरगी सांगलीत नांदो नाहीतर भूजला."

शेवटचं वाक्य तोंडातून निसटलं. समीरनं वाकून 'भाचीचं लग्न' पुसून टाकलं. सरांच्या पेपराचं पान मात्र बराच वेळ उलटलं गेलं नाही.

पुढचा वेळ आम्ही दोघांनी मान मोडून काम केलं. बिल्डच्या सेटिंगमध्ये जिथे जिथे गुळवणींचं घर होतं तिथून ते उपटून काढलं. मशीनच्या पोटात त्यांनी गुपचूप करून ठेवलेली एक खूणगाठ होती, लायब्ररी कुठे शोधायची त्याची. ती आठवून आठवून शोधली आणि प्रोग्रॅमच्याच फोल्डरात लिहून ठेवली. दुपारी डबे खाऊन झाल्यावर बिल्ड झालं. समीर नाचला. मी पावती छापून पाहिली.

वजन बरोबर होतं. पण वर 'आरवाडे हळद भांडार' असायला हवं तिथे प्रश्नचिन्हांची माळ! आणि वजनाचा आकडा शेतकऱ्याच्या नावावर चढून बसलेला.

"हे तुझ्या एडिटरनं केलं," मी भडकले. एडिटर म्हणजे ज्यात आम्ही प्रोग्रॅम लिहितो ते. माझा एक होता, समीरचा दुसरा, आणि दोघांनाही आपलाच सोन्याचा वाटायचा.

"माझ्या एडिटरचं नाव घ्यायचं नाही हं. तुझाच जुनाट आहे."

"माझ्या जुनाट एडिटरमध्ये मराठी मराठीच राहतं! तू नुसती फाइल उघडून सेव्ह केलीस आणि आरवाडेशेठचं नाव खाऊन टाकलंस."

"आणि तू रकान्यांमध्ये टॅब मारून ठेवलेत त्याचं काय? तुझ्याकडे टॅब चार घरं पुढे जातो, माझ्याकडे आठ. मग वजन शेतकऱ्याच्या डोक्यावर बसणार नाही तर काय!"

"मग माझा एडिटर वापर."

"मेलो तरी वापरणार नाही."

भांडण चांगलं रंगलं असतं, पण खाली रस्त्यावर रिक्षांना हार घालायला सुरुवात झाली होती आणि माझं तिकीट पर्समध्ये होतं. मी पाणी प्याले. दीर्घ श्वास घेतला.

"बरं. तुझा तुला लखलाभ, माझा मला. पण नियम ना तुझ्या एडिटरमध्ये राहायचा, ना माझ्या. प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये एक बारकी फाइल ठेवू. मराठी अमुक पद्धतीनंच सेव्ह करायचं, टॅबऐवजी चार मोकळी घरं टाकायची. कोणाचाही एडिटर आला की त्यानं आधी ती वाचायची."

"म्हणजे पाहुणा आला की त्याला घरची रीत सांगायची."

"तेच. पाहुण्याला आपले कपडे घालायला लावायचे नाहीत."

समीरला हे पटलं, म्हणजे त्याचा एडिटर वाचला म्हणून पटलं. फाइल तयार झाली. दोघांच्या एडिटरना ती वाचायला शिकवली. माझा एडिटर समीरच्या मशीनवर घातला, दोन्हींत तीच पावती उघडली, सेव्ह केली, छापली. आरवाडेशेठ शाबूत होते. वजन आपल्या घरात बसलं होतं.

"झालं!" समीर म्हणाला. "चल, तुझी बॅग उचलू."

"नाही झालं," कोपऱ्यातून सर म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदा ते स्टुलावरून उठले. त्यांनी आपली जुनी चामड्याची पिशवी उघडली आणि त्यातून त्यांचा लॅपटॉप काढला. तो इतका जुना होता की सुरू करताना आतून पीठगिरणीसारखा आवाज यायचा. "यावर करून दाखवा. नव्हे, करून दाखवू नका. मी करतो. तुम्ही दोघं हात मागे बांधून उभे राहा."

सरांनी गेली कित्येक वर्षं बिल्ड केलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, एका बोटानं टकटक करत सर्व्हरवरून प्रोग्रॅम उतरवला. त्याला एवढा वेळ लागला की समीर खाली जाऊन तिघांचा चहा घेऊन आला. मी नखं खात उभी होते. हा लॅपटॉप अडला तर मी अडले, हे मला स्वच्छ कळत होतं.

"आता काय दाबू?"

"काही सांगायचं नाही ना आम्ही?"

"बरोबर. सांगू नकोस." त्यांनी स्वतःच शोधलं आणि बटण दाबलं.

गिरणी घरघरली. ओळी सरकायला लागल्या. एक थांबली, माझा जीव तिथेच थांबला. मग ती हलली. आणि शेवटी पडद्यावर आलं, बिल्ड पूर्ण, चुका शून्य.

मी समीरला मिठी मारायची ती सरांनाच मारली. सर लाकडासारखे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "चहा सांडेल."

दसऱ्याला सकाळी समीर आणि मी आरवाडेशेठच्या स्टोरेजवर गेलो. मुहूर्ताला पहिलं पोतं काट्यावर चढलं, पावती निघाली, शेतकऱ्यानं ती दोनदा वाचली आणि खिशात घातली. आरवाडेशेठनी आम्हाला पेढ्यांचा बॉक्स दिला. समीरनं तो मिरजेपर्यंत टिकू दिला नाही.

सोनं खरं संध्याकाळी वाटतात, पण माझी गाडी दुपारची, म्हणून स्टेशनला जाता जाता मी सरांच्या घरी गेले. नलिनीकाकूंनी श्रीखंडाची वाटी हातात ठेवली. मी आपट्याची पानं देऊन दोघांच्या पाया पडले. सर म्हणाले, "सोनं दिलंस, आता मशीन चालू करायला हरकत नाही," आणि पाणी आणायला आत गेले.

भिंतीवर एक जुना फोटो होता. काळी टोपी, गळाबंद कोट, जाड मिशा.

"काकू, हेच का सरांचे वडील? लेथवाले?"

"कुठले लेथवाले?"

"अहो, त्यांचा लेथचा कारखाना होता ना? खंडेनवमीला मुख्य लेथला माळ घालायचे..."

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, मामंजी पोस्टमास्तर होते! घरातला खिळासुद्धा शेजाऱ्याला बोलावून ठोकून घ्यायचे."

मी वळले. सर पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे होते, चोरी पकडलेल्या पोरासारखे.

"सर!"

"बस. सांगतो." ते बसले, तांब्या मांडीवर तसाच धरून. "मागच्या वेळी तुला स्टँडवरून परत बोलावलं ना, तेव्हा मी खूष होतो. घरी येऊन हिला सांगितलं, वृंदा राहिली. ही म्हणाली, पोरीचा संसार अडलाय आणि तुम्ही खूष कसले होताय? तेव्हा मला माझीच लाज वाटली."

"मग सरळ सांगायचं ना, मशीनमधलं सगळं बाहेर काढ म्हणून."

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, एवढं काम करते, मग बघते. मीही म्हणालो असतो, बरं. तुझं मशीन चालू आहे तोवर आपण तिघंही दुसरं काही शिकणार नव्हतो. ते बंद पडायलाच हवं होतं. आणि मी नुसतं बंद ठेव म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस. देवाचं ऐकतेस."

"पण तुम्ही तर देव मानत नाही!"

"तुझी आई मानते ना." सर हसले. "फोन तर तिचा येणारच होता."

"आणि नसतं जमलं तर? माझी गाडी?"

"तर माळ काढली असती. फुलंच ती." मग त्यांनी तांब्या खाली ठेवला. "तू जायला हवीस असं वाटत होतं, आणि तू गेलीस तर कसं होईल याची धास्तीही होती. काल माझ्या लॅपटॉपवर ते चुका शून्य दिसलं ना, तेव्हा धास्ती गेली. आता नुसतं वाईट वाटतंय. जा. गाडी चुकेल."

मला रडू फुटलं. श्रीखंड आणि रडणं एकदम जमत नाही, हे त्या दिवशी कळलं.

गाडी सातारा सोडून पुढे निघाली तेव्हा फोन वाजला. समीर. ऑफिसचा फोन आणि माझा प्रवास यांचं कधी पटलंच नव्हतं.

"वृंदा, आरवाडेशेठना आणखी एक बदल पाहिजे होता. पावतीवर गोदामाचा नंबर."

"अरे देवा! मग?" मी बाकावरून अर्धी उठलेसुद्धा.

"मग काय, करून दिला. सरांनी बिल्ड केलं, मी पोचवून आलो. तू कुठवर पोचलीस, एवढंच विचारायला फोन केला."

मी परत खाली बसले. पायाशी बॅग होती. आत मिसळणाचा डबा खडखडत होता.

आता भूजमध्ये माझीच कंपनी आहे, पंधरा-वीस पोरं-पोरी काम करतात. दर खंडेनवमीला मी माळ घेऊन ऑफिसभर फिरते आणि ज्या मशीनवाचून सगळ्यांचं अडतं, नेमक्या त्यालाच ती घालते. पोरं हैराण होतात. ही कुठली पद्धत, असं नवीन आलेलं कोणीतरी दरवर्षी विचारतंच.

मी स्टूल ओढून मशीनपुढे बसते आणि पेपर उघडते.

"आमच्या वडिलांचा लेथचा कारखाना होता," मी म्हणते.